सीबीटी नेमकी कशी घ्यायची: पहिल्या भेटीच्या आधीपासून शेवटच्या भेटीनंतरपर्यंत

"सीबीटी करून पाहिली, काही उपयोग झाला नाही," असं कुणी म्हणालं की मी एकच प्रश्न विचारते: दोन भेटींच्या मधल्या दिवसांत काय करत होतात? उत्तर बहुधा "काही नाही" असं येतं. आठवड्यातून एकदा जायचं, पन्नास मिनिटं मन मोकळं करायचं, हलकं वाटलं की घरी यायचं, पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. हलकं वाटण्यात वाईट काही नाही, पण ती सीबीटी नव्हे. सीबीटी म्हणजे कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी, मराठीत बोधात्मक वर्तन उपचारपद्धती: विचार आणि वागणं यांवर काम करून त्रास कमी करण्याची पद्धत. तिच्यात भेट असते ती आखणीसाठी आणि तपासणीसाठी. काम व्हायचं असतं ते उरलेल्या सहा दिवसांत.

दुसरी नेहमीची गफलत क्रमाची. त्रास नेमका काय आहे हे न ठरवता थेरपिस्ट शोधला जातो आणि विचारांची नोंद न करताच ते 'सकारात्मक' करायला घेतले जातात. म्हणून खालच्या पायऱ्या त्याच क्रमाने घ्या.

सुरुवात करण्याआधी

जीव द्यावासा वाटतोय, त्याची पद्धत किंवा वेळ मनात ठरलीय, स्वतःला इजा करून घेतली जातेय, दुसऱ्यांना न ऐकू येणारे आवाज ऐकू येतात, किंवा कित्येक दिवस झोप नसतानाही अंगात प्रचंड उत्साह आहे आणि पैसे-निर्णय यांचा तोल सुटलाय: यांपैकी काहीही असेल तर हा लेख बाजूला ठेवा. आपल्या भागातली आपत्कालीन सेवा किंवा आत्महत्या प्रतिबंध हेल्पलाइन, नाहीतर जवळच्या रुग्णालयाचा तातडीचा विभाग गाठा आणि तोपर्यंत एकटे राहू नका. थेरपीची वेळ पुढच्या आठवड्यातली मिळालीय म्हणून तोवर थांबू नका.

पायरी १: त्रास कागदावर आणा

"डिप्रेशन आहे" किंवा "खूप ओव्हरथिंकिंग होतं" एवढ्यावर कुणालाच काम करता येत नाही. एक पान घ्या आणि हे लिहा: त्रास कधी सुरू झाला, त्या सुमारास आयुष्यात काय घडलं होतं, कोणत्या प्रसंगी वाढतो, त्यामुळे काय काय करायचं थांबलंय. शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. "बैठकीत तोंड उघडत नाही", "फोन वाजला की बंद होईपर्यंत बघत बसतो", "सुट्टीच्या दिवशी दुपारपर्यंत अंथरुणातून उठत नाही" ही वापरता येण्यासारखी वाक्यं आहेत.

मग झोप, भूक, दारू किंवा इतर नशा, चालू असलेली सगळी औषधं, आधीचे आजार, आधी घेतलेले मानसिक उपचार आणि घरात कुणाला असा त्रास होता का, हे लिहून ठेवा. दारूचा आकडा खरा लिहा. तो कमी सांगण्याची सवय जवळजवळ सगळ्यांना असते आणि त्यामुळे उपचाराची दिशाच चुकू शकते.

नैराश्य आणि चिंता मोजण्यासाठी पीएचक्यू-९ आणि जीएडी-७ या दोन छोट्या प्रश्नावल्या जगभर वापरतात. दोन्हींत गेल्या दोन आठवड्यांबद्दल विचारतात. पहिलीचे गुण ० ते २७, दुसरीचे ० ते २१. यांपैकी कोणत्याही एकीत १० किंवा त्याहून जास्त गुण आले तर तज्ज्ञाला दाखवणं योग्य. पण हे निदान नाही. ही सुरुवातीची पातळी आहे, पुढे फरक पडला की नाही ते याच्याशी ताडून बघायचं आहे. तारीख टाकून जपून ठेवा.

*तपासा:* पीएचक्यू-९ मधला नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. तिथे शून्याखेरीज कुठलंही उत्तर असेल, तर एकूण गुण कितीही कमी असले तरी पहिल्याच भेटीत ते स्वतःहून सांगा.

पायरी २: आधी शरीर, मग योग्य माणूस

थायरॉइडचे विकार, रक्तक्षय आणि बी-१२ ची कमतरता यांत थकवा, उदासी, लक्ष न लागणं ही लक्षणं दिसतात. काही औषधांमुळेही मनःस्थिती बिघडते. म्हणून नेहमीच्या डॉक्टरांकडून एकदा तपासून घ्या.

मग माणूस. मनोविकारतज्ज्ञ म्हणजे सायकियाट्रिस्ट हे वैद्यकीय डॉक्टर असतात. निदान आणि औषधं हे त्यांचं मुख्य काम, काही जण थेरपीही करतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट मूल्यमापन आणि थेरपी करतात. समुपदेशक आयुष्यातल्या पेचांवर, नात्यांवर, निर्णयांवर मदत करतात, पण त्यांचं प्रशिक्षण फार वेगवेगळ्या दर्जाचं असतं. काम चालू आहे, जेवणखाण होतंय, पण त्रास आहे, अशा अवस्थेत थेट थेरपिस्टकडे गेलं तरी चालतं. अंथरूण सुटत नाही, वजन झपाट्याने उतरलंय, किंवा बायपोलर (मनःस्थिती टोकाच्या उत्साहात आणि टोकाच्या उदासीत जाणं) अथवा सायकोसिसची (भास-भ्रमांमुळे वास्तवाचं भान सुटणं) शंका आहे, तर आधी सायकियाट्रिस्ट. या दोन आजारांत सीबीटी औषधांच्या जोडीने दिली जाते, त्यांच्या जागी नाही.

*सावधान:* थेरपी सुरू झाली म्हणून चालू औषध स्वतःच्या मनाने बंद करू नका. नैराश्याच्या गोळ्या अचानक सोडल्या की चक्कर, अस्वस्थता, झोप उडणं असे त्रास होऊ शकतात आणि मूळ आजारही उलटू शकतो. बंद करायच्या असतील तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली, हळूहळू.

पायरी ३: वेळ ठरवण्याआधी पाच मिनिटांचा फोन

प्रश्न विचारायला संकोच वाटतो, पण चांगल्या थेरपिस्टला त्याचा राग येत नाही. तुमचं शिक्षण आणि नोंदणी काय? सीबीटीचं वेगळं प्रशिक्षण घेतलंय का, आणि सध्या कुणाच्या देखरेखीखाली काम करता का? माझ्यासारख्या त्रासावर तुम्ही साधारण कसं काम करता? गृहपाठ देता का? फी किती, आणि भेट रद्द केली तर काय नियम?

गृहपाठाचा प्रश्न चाळणीसारखा वापरा. "माझ्याकडे सगळ्या पद्धतींचं मिश्रण असतं, गृहपाठ वगैरे नाही" असं उत्तर आलं तर तो माणूस चांगला असेलही, पण तुम्ही शोधताय ती गोष्ट तिथे नाही. ओसीडी असेल, म्हणजे नको असलेले विचार पुन्हा पुन्हा येतात आणि ते शमवायला धुणं, तपासणं असे विधी करावे लागतात, तर 'एक्स्पोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन' (भीतीला टप्प्याटप्प्याने सामोरं जायचं आणि विधी करायचा नाही) करता का, असं थेट विचारा. कारण ओसीडीत नुसत्या विचारांशी वाद घालत बसलं तर तो वादच एक नवा विधी होऊन बसतो. कायम झोप न लागण्याचा त्रास असेल तर निद्रानाशासाठीची वेगळी सीबीटी असते, ती बहुधा चार ते आठ भेटींत संपते.

एका भेटीत बरं करण्याची हमी, औषधं फेकून द्या असा सल्ला, दुसऱ्या रुग्णांच्या कहाण्या ओळख पटेल अशा सांगणं, भेटीबाहेर मैत्री किंवा जवळीक वाढवणं: यांतलं काहीही दिसलं तर दुसरा माणूस शोधा. स्पष्टीकरण देत बसायची गरज नाही.

ऑनलाइन घेणार असाल तर दार बंद होईल अशी खोली, इअरफोन, आणि कॉल तुटला तर कोणत्या नंबरवर जोडायचं हे आधीच ठरवा. गाडीत बसून, कुणी येईल या धास्तीत केलेल्या भेटीत माणूस अर्धंच बोलतो.

पायरी ४: पहिल्या दोन भेटी

पहिली भेट बहुतेक प्रश्नोत्तरांची असते. "नुसतीच माहिती विचारली, काही सांगितलंच नाही" म्हणून दुसऱ्या भेटीला न जाणारे बरेच असतात. पण ती माहिती घेतल्याशिवाय पुढे काही उभं राहत नाही. पायरी १ मधलं पान सोबत न्या, बराच वेळ वाचेल.

गोपनीयतेबद्दल पहिल्याच भेटीत स्पष्ट बोलून घ्या. तुमचं बोलणं बाहेर जात नाही. मात्र तुमच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका, लहान मुलाचा छळ, न्यायालयाचा आदेश अशा अपवादांत ते सांगावं लागू शकतं. घरचे फी भरणार असतील तर त्यांना काय कळेल आणि काय नाही, हेही तिथेच ठरवा.

दुसऱ्या-तिसऱ्या भेटीपर्यंत दोन गोष्टी हातात यायला हव्यात. एक, तुमच्या त्रासाचा नकाशा: प्रसंग, त्या वेळचे विचार, भावना, शरीरात होणारे बदल आणि तुम्ही केलेली कृती, आणि ही कृतीच त्रासाला कशी खतपाणी घालते ते. दोन, मोजता येईल असं उद्दिष्ट. "आत्मविश्वास वाढवायचा" हे उद्दिष्ट नाही. "महिन्याभरात दर बैठकीत निदान एकदा बोलायचं" हे आहे.

*तपासा:* तिसऱ्या भेटीनंतर "आपण कशावर आणि का काम करतोय" हे दोन वाक्यांत सांगता येतंय का? येत नसेल तर चौथ्या भेटीची सुरुवात याच प्रश्नाने करा.

पुढच्या भेटींचा साचा साधारण ठरलेला असतो: आठवडा कसा गेला, आज काय घ्यायचं, मागचा गृहपाठ, मुख्य काम, नवा गृहपाठ, आणि आजचं कसं वाटलं. निघताना गृहपाठ तुमच्याच शब्दांत लिहून घ्या: काय, कधी, कुठे, आणि आडवं काय येईल. "या आठवड्यात नोंदी ठेवायचा प्रयत्न करतो" असं म्हणून उठलात तर त्या नोंदी होणार नाहीत, हे जवळपास नक्की.

पायरी ५: विचारांची नोंद

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो, म्हणून इथे जरा रेंगाळते.

तक्ता सात रकान्यांचा: प्रसंग; भावना आणि तिची तीव्रता ० ते १००; त्या क्षणी मनात आपोआप आलेला विचार; त्याच्या बाजूचा पुरावा; विरुद्ध बाजूचा पुरावा; दोन्ही धरून केलेला तोलाचा विचार; आणि आता भावना किती. पण पहिला आठवडा, शक्यतो दोन, फक्त पहिले तीन रकाने भरा. बाकीचे झाकून ठेवा. स्वतःचे विचार पकडता येण्याआधीच त्यांची उलटतपासणी सुरू केली की माणूस भलत्याच विचाराशी भांडत बसतो.

उदाहरण घेऊ. बैठकीत तुम्ही बोलत होता आणि वरिष्ठांनी घड्याळाकडे पाहिलं. प्रसंगाच्या रकान्यात एवढंच लिहायचं. "वरिष्ठ वैतागले" हा प्रसंग नाही, तो तुम्ही लावलेला अर्थ आहे. कॅमेऱ्यात दिसलं असतं तेवढंच पहिल्या रकान्यात.

भावना एका शब्दात मावते: लाज ८०, भीती ५०. "मी अपयशी आहे अशी भावना" हे वाक्य झालं, म्हणजे तो विचार आहे. त्याची जागा तिसऱ्या रकान्यात.

विचार प्रश्नाच्या रूपात आला तर त्याचं विधान करा. "आता काय होईल?" याचा पुरावा शोधता येत नाही. "मला या प्रकल्पातून काढतील" याचा येतो. आणि पहिल्या विचारावर थांबू नका. "मी कंटाळवाणं बोलतोय." बरं, ते खरं असेल तर त्याचा अर्थ काय? "लोकांना कळेल की मला काही येत नाही." म्हणजे? "मी या जागेच्या लायकीचा नाही." लाज ८० आली ती या शेवटच्या वाक्याने. काम त्याच्यावर करायचं. पहिल्या, वरवरच्या विचारावर कितीही पुरावे गोळा केलेत तरी भावना जागची हलत नाही.

आता पुरावा. बाजूच्या रकान्यातही प्रामाणिकपणे लिहा. "माझा मुद्दा खरंच लांबला होता" हे खरं असेल तर तिथे यायलाच हवं. विरुद्ध बाजूला: त्यांनी घड्याळ इतरांच्या वेळीही पाहिलं, बैठकीनंतर माझ्याच मुद्द्यावर काम करायला सांगितलं. मग तोलाचा विचार असा होईल: "त्यांनी घड्याळ का पाहिलं ते मला माहीत नाही. मुद्दा लांबला हे खरं, पुढच्या वेळी आधी लिहून दोन मिनिटांत मांडता येईल. एका बैठकीवरून लायकी ठरत नाही." लाज ८० वरून ४५ वर आली तरी भरपूर झालं. शून्यावर आणणं हे ध्येयच नाही.

"मी सर्वोत्तम आहे, सगळे माझ्यावर खूश आहेत" असली वाक्यं सातव्या रकान्याला फसवू शकत नाहीत. तुम्हालाच न पटणाऱ्या वाक्याने भावना उतरत नाही. सीबीटी म्हणजे सकारात्मक विचार, हा गैरसमज इथेच सोडा. इथे शोधायचा आहे अचूक विचार, आणि तो कधीकधी अप्रिय असतो. मूळ विचार बहुतांशी खराच निघाला, उदाहरणार्थ नोकरी खरोखर धोक्यात आहे, तर तक्ता बंद करा आणि प्रश्न सोडवायला बसा: पर्याय कोणते, पहिलं पाऊल कोणतं, कधी. खऱ्या संकटाला 'विचारांची चूक' म्हणणं हा निव्वळ अन्याय आहे. घरात मारहाण होत असेल तिथे तर ते धोक्याचंही आहे. तिथे आधी सुरक्षितता.

*सावधान:* नोंद प्रसंगानंतर शक्य तितक्या लवकर करा, फोनमध्ये चार शब्द टाकले तरी चालतील. भेटीच्या आदल्या रात्री बसून आठवडाभराच्या नोंदी लिहिल्यात तर आठवणीतून आलेला मजकूर मिळतो, त्या क्षणीचा विचार नाही.

पायरी ६: कृती

तक्ते सुबक भरणारे आणि वागणं जराही न बदलणारे लोक असतात. "डोक्याला पटतं पण आतून पटत नाही" ही त्यांची तक्रार. आतून पटायला अनुभव लागतो, आणि तो कृतीतूनच येतो. त्रास पाहून यातलं काय आधी करायचं ते थेरपिस्टबरोबर ठरवा. नैराश्य जड असेल तर पायरी ५ च्या आधीच इथून सुरुवात होते, कारण तेव्हा डोकं तक्त्याला साथ देत नाही.

नैराश्यात आधी आठवडाभर तासातासाची नोंद: काय केलं, त्यात आनंद किती (० ते १०) आणि जमल्याचं समाधान किती (० ते १०). मग पुढच्या आठवड्यात ठरावीक वेळेला ठरावीक कामं. "मन लागलं की करीन" हा नैराश्यातला सापळा आहे, मन कृतीच्या मागून येतं. सुरुवात इतकी लहान ठेवा की हसू यावं: मंगळवारी सकाळी आठला दहा मिनिटं चालणं. पहिल्याच आठवड्यात रोज तासभर व्यायाम ठरवणारा माणूस तिसऱ्या दिवशी हरतो, आणि त्या हरण्याचाच नवा पुरावा करतो.

भीतीत शिडी बनवा. टाळत असलेल्या गोष्टी लिहून प्रत्येकीला ० ते १०० भीतीचे गुण द्या. साधारण ३० ते ४० वाल्या पायरीपासून सुरू करा. प्रत्येक वेळी आधी भाकीत लिहा: "दुकानात वस्तू परत करायला गेलो तर दुकानदार ओरडेल, शक्यता ९० टक्के." मग करा. मग प्रत्यक्षात काय झालं ते लिहा. एकदा करून सोडू नका. वेगवेगळ्या ठिकाणी, वेगवेगळ्या दिवशी तेच करा, नाहीतर मेंदू "त्या दिवशी नशीब चांगलं होतं" म्हणून मोकळा होतो.

इथली मोठी चूक म्हणजे लपलेला आधार. गर्दीत जायचं पण फोन कानाला लावून, बोलायचं पण वाक्यं पाठ करून, प्रवास करायचा पण सोबत घेऊनच. काही वाईट घडलं नाही याचं श्रेय मग त्या आधाराला जातं. खिशातली चिंताशामक गोळी हाही असाच आधार होऊ शकतो. मात्र तिच्याबाबत काहीही बदल डॉक्टरांशी बोलूनच.

*सावधान:* जुन्या आघाताच्या आठवणींना किंवा तीव्र ओसीडीला एकट्याने, वाचून, सामोरं जाऊ नका. हृदयविकार, दमा, अपस्मार किंवा गरोदरपण असेल तर पॅनिकसाठी (अचानक येणाऱ्या तीव्र भीतीच्या झटक्यांसाठी) करतात ते श्वास जोरात घेण्याचे, धावण्याचे प्रयोग डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका.

पहिल्या काही प्रयोगांत भीती आधीपेक्षा वाढल्यासारखी वाटते. इतके दिवस टाळलेलं समोर आणलंय, तर ते होणारच. पण प्रयोगानंतर दिवसेंदिवस सावरता येत नसेल, झोप उडत असेल, तर पायरी मोठी घेतली गेलीय. एक खाली उतरा आणि थेरपिस्टला सांगा.

पायरी ७: चालू ठेवायचं की बदलायचं?

सीबीटीचा एक टप्पा साधारण ६ ते २० भेटींचा असतो. दर दोन आठवड्यांनी त्याच प्रश्नावल्या पुन्हा भरा. पीएचक्यू-९ मध्ये ५ गुणांची घट झाली तर फरक खरा मानतात. एखाद-दोन गुण इकडेतिकडे होतच असतात. सहाव्या भेटीच्या आसपास थेरपिस्टसोबत बसून आकडे बघा.

फरक नसेल तर आधी हे विचारा: गृहपाठ खरंच झाला का? झाला नसेल तर का? अवघड होता, पटला नव्हता, की लाज वाटली? "केला नाही" हे सांगायला घाबरून भेटच रद्द करणारे लोक खूप असतात. न केलेला गृहपाठ घेऊन जा. तो का झाला नाही यावरच कधीकधी सगळ्यात उपयोगी भेट होते. गृहपाठ नेटाने होऊनही काही हलत नसेल तर निदान पुन्हा तपासणं, औषधांची जोड देणं, दुसरी पद्धत घेणं हे पर्याय उघड बोला. थेरपिस्टचं एखादं बोलणं लागलं असेल तर तेही त्यालाच सांगा. त्यावर तो ऐकून घेतो की बचाव करतो, त्यावरून पुढे राहायचं की नाही हे कळेल.

पायरी ८: थांबणं

बरं वाटलं की न कळवता येणं बंद करणं ही शेवटची चूक. शेवटच्या दोन-तीन भेटींमधलं अंतर वाढवा, आठवड्याऐवजी पंधरवडा, मग महिना. त्या काळात एक पान तयार करा: माझी पहिली धोक्याची चिन्हं कोणती (फोन न उचलणं, रात्री दोनपर्यंत जागणं, आंघोळ टाळणं, प्रत्येकाची वेगळी), ती दिसली की पहिल्या आठवड्यात काय करायचं, कोणाला सांगायचं, आणि किती दिवसांत फरक नाही पडला तर पुन्हा वेळ घ्यायची. घरातल्या एका विश्वासू माणसाला हे पान दाखवून ठेवा. ती चिन्हं बऱ्याचदा आपल्याआधी त्याला दिसतात.

एखादा वाईट आठवडा आला म्हणजे आजार परतला असं नाही. तक्ता काढा, आठवड्याचं वेळापत्रक लावा, प्रश्नावली भरा. दोन आठवड्यांनी गुण पुन्हा १० च्या वर असतील तर थेरपिस्टला फोन करा. जुनी नोंदवही सोबत न्या.